खापराखाली आफ्रिकेची शेगडी

आम्ही आफ्रिकेहून परत आलो ते एक लाकडी पेटी घेऊन, आणि त्या पेटीवरून सुरतेजवळच्या उधन्याच्या चाळीत माझं नाव पडलं, पेटीवाली. नावाचं मला काही वाटलं नाही. बायकांना नावं ठेवायला काहीतरी लागतंच. राग आला तो पेटीतल्या वस्तूंना सगळे हसले त्याचा.

सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. माझे यजमान खानदेशातले, लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करण्यात हात बसलेला. लग्न झालं त्याच वर्षी एका गुजराती शेठने त्यांना युगांडातल्या आपल्या कापडगिरणीत नेलं, आणि मीही गेले. मी नाशिक शहरात वाढलेली, सासरच्या गावी जेमतेम दोन महिने राहिले असेन. माझा संसार मांडला गेला तो आफ्रिकेतच, गिरणीच्या क्वार्टरमध्ये. तिथे स्वयंपाकघरात वीज होती. मी हौसेने एकेक वस्तू घेतली, आधी इस्त्री, मग चहाची किटली, आणि शेवटी विजेची शेगडी. शेगडी म्हणजे एकच चूल, पण भक्कम. वर ओतीव लोखंडाची काळी तबकडी, खाली पांढरा डबा, बाजूला फिरवायचं बटण. धूर नाही, जाळ नाही, राख नाही. पहिल्या दिवशी तिच्यावर भात शिजला तेव्हा मी शेजारणींना बोलावून दाखवला होता.

पुढे तिथल्या नोकऱ्या तिथल्या माणसांना द्यायचं ठरलं आणि आमचा परवाना पुन्हा मिळाला नाही. त्यांचा देश, त्यांच्या नोकऱ्या, त्यात राग धरण्यासारखं मला काही दिसलं नाही. पण घर मोडताना मी रडले. भांडीकुंडी, खाट, कपाट वाटून टाकलं. विजेच्या तीन वस्तू मात्र मी कुणालाही दिल्या नाहीत. यजमान म्हणाले, एवढं ओझं कशाला. मी म्हटलं, मी डोक्यावर घेईन.

सुरतेला लूमचं काम लगेच मिळालं. उधन्यात एका शेठचं खातं होतं. लूमच्या कारखान्याला तिकडे खातंच म्हणतात. त्याच्या मागे कामगारांसाठी बांधलेली चाळ, तिच्यात आम्हाला एक खोली. आमच्या रांगेत बहुतेक खानदेशातलेच. घरात अहिराणी, बाहेर गुजराती, आणि भांडण रंगलं की हिंदी. सगळे म्हणत, चला, आपल्या देशात आलात. मला मात्र परदेशात आल्यासारखं वाटलं ते इथेच.

पहिल्याच आठवड्यात पेटी उघडली. आमच्या वस्तूंच्या प्लगला चपट्या, चौकोनी पिना, आणि इथल्या भिंतीवर भोकं गोल. तीही खात्यात. आमच्या खोलीत भिंतीला भोकंच नव्हती, छताला एक दिवा होता, बस. चाळीला फक्त लाइटची वीज. पावरची वीज वेगळी, तिची तार वेगळी, मीटर वेगळं, आणि ती लूमसाठी. एका खोलीला एक दिवा असा शेठचा नियम होता. आफ्रिकेत वीज होती, वस्तू होत्या. इथे वीज भिंतीपलीकडे रात्रंदिवस खडखडत होती आणि वस्तू पेटीत होत्या. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ते हेच.

यजमानांनी शेगडीचा चपटा प्लग कापून गोल पिनांचा बसवला. कधीतरी उपयोगी पडेल म्हणाले. तो कापलेला प्लग जमिनीवर पडला. आता आपण परत जात नाही, हे मला विमानतळावर नव्हतं कळलं ते त्या वेळी कळलं. शेगडी पुन्हा पेटीत गेली. इस्त्री लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर वजन म्हणून बसली. किटलीत आम्ही प्यायचं पाणी ठेवू लागलो. चाळीतल्या बायका पाणी प्यायला येत आणि किटलीच्या तोटीकडे बघून पदरात हसत.

त्या हिवाळ्यात सासूबाई आल्या. आम्ही आफ्रिकेत असतानाच सासरे गेले होते. सासूबाई तेव्हापासून गावी एकट्याच होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आदल्या पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर घसरून पडल्या आणि कुणीतरी पाण्याला येईपर्यंत तिथेच पडून राहिल्या. हे आम्हाला परत आल्यावर समजलं, तेही दुसऱ्याकडून. यजमान गावी जाऊन त्यांना घेऊन आले. एका बोचक्यात दोन लुगडी, आणि मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं खापर. अख्ख्या प्रवासात त्यांनी ते खाली ठेवलं नाही असं यजमान सांगत होते.

खापर म्हणजे मातीची मोठी, खोलगट परात. ती चुलीवर पालथी घालायची, आत जाळ करायचा आणि वरच्या घुमटावर पुरणाचे मांडे भाजायचे. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे झालेच पाहिजेत. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरायची आणि तिच्यापुढे मांडे नि आंब्याचा रस ठेवायचा. मी मांडे खाल्ले होते, केले कधी नव्हते. सासूबाईंनी ते मला पहिल्याच दिवशी विचारलं आणि माझं उत्तर ऐकून खापर स्वतःच्या खाटेखाली ठेवलं.

आमचं दोघींचं फारसं जमत नव्हतं. त्या कडक, मी त्यांच्याहून कडक. त्या अहिराणीत बोलायच्या, मी नाशिकच्या मराठीत, आणि भांडणात दोघींनाही एकमेकींचं सगळं समजायचं. पण खरं सांगते, मला त्या आवडायच्या. मनात एक आणि तोंडात दुसरं असं त्यांच्याकडे नव्हतं. भाजी बिघडली तर बिघडली म्हणायच्या आणि चांगली झाली तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या.

होळी झाली आणि त्यांनी विचारलं, आखाजीला चूल कुठे मांडायची. मग त्यांना सांगावं लागलं. चाळीत लाकडाची चूल बंद होती. आम्ही येण्याच्या आधी कुणाच्या तरी चुलीची ठिणगी उडून मागच्या अंगणातला सुताचा कचरा पेटला होता. खातं थोडक्यात वाचलं. तेव्हापासून शेठने जाळ बंद केला. घरोघर रॉकेलचा स्टोव्ह, आणि देवापुढे धुपाटण्यात गोवरीचा एवढासा विस्तव, तेवढीच मुभा. स्टोव्हवर खापर ठेवून शेजारणीने मागे एकदा करून पाहिलं होतं. जाळ एकाच जागी लागला आणि खापर मधोमध तडकलं. शिवाय पितरांच्या मांड्याला रॉकेलचा वास, हे सासूबाईंना ऐकवलंही नाही. यजमानांनी सुचवलं, चलथाणला साखर कारखान्याच्या मागे आपल्यातली माणसं राहतात, त्यांच्याकडे अंगणात चुली आहेत, तिथून करून आणू. त्यावर सासूबाई म्हणाल्या की घागर स्वतःच्या घरातली आणि मांडा दुसऱ्याच्या चुलीवरचा, असं आजवर झालं नाही.

चाळीतले लोक आखाजीला गावी निघायच्या तयारीला लागले होते. दरवर्षी तसंच व्हायचं. आखाजीला उधन्यातले खानदेशी विणकर गाडीत बसत आणि लूम तीन-चार दिवस मुके होत. शेठ लोक चिडायचे, पण करणार काय. सासूबाईंनीही आपलं बोचकं काढलं. मी विचारलं, परत कधी येणार. त्या बोचक्याला गाठ मारत म्हणाल्या, “जठे खापर चढत नही, तठे माले ऱ्हावानं नही.” परत यायच्याच नव्हत्या.

 तिची मर्जी, यजमान म्हणाले. आईपुढे ते नेहमीच असे मऊ पडायचे. मला इतका संताप आला की मी हातातली पळी आपटली. मर्जी कसली? डोळ्यांनी पायरी दिसत नाही त्या बाईला आपण पुन्हा त्याच विहिरीवर धाडायचं, आणि कशासाठी, तर चुलीसाठी? मी तिथल्या तिथे ठरवलं की सासूबाई उधन्यातच राहतील आणि मांडे उधन्यातच होतील. यजमान म्हणाले, तू शेठशी भांडणार का? मी म्हटलं, भांडायची वेळ आली तर तेही करीन, पण आधी पेटी उघडते.

शेगडी काढली, पुसली. संध्याकाळी दिव्याचा बल्ब काढून त्या जागी इस्त्रीवाले लावतात तसली पिन लावली आणि तिला शेगडीची तार जोडली. यजमान नको नको म्हणत होते. माझा हट्ट असा की एकदा तबकडी तापू दे, मग बोलू. बटण फिरवलं. दिव्याच्या तारेला ते ओझं कुठलं पेलायला. वर काहीतरी फट्कन उडालं आणि आमच्या खोलीबरोबर सगळी रांग अंधारात गेली. कुणाचं पीठ मळून अर्धं, कुणाचं पोर पाटीवर लिहीत बसलेलं. बायकांनी दारादारांतून माझा उद्धार केला. पेटीवालीने पेटी उघडली म्हणे. यजमान फ्यूजची तार बदलायला धावले आणि दुसऱ्या दिवशी शेठने त्यांना बोलावलं.

बोलावलं होतं त्यांना, गेले मी. यजमान मागे उभे राहिले.

शेठ गादीवर बसून चहा पीत होते. मी त्यांच्याशी गुजरातीत बोलले. आफ्रिकेत आमच्या दोन्ही बाजूंना गुजराती बिऱ्हाडं होती, तेव्हा माझी गुजराती त्यांच्या घरातल्या बायकांसारखीच होती. त्यांचा आवाज जरा खाली आला. मी आधी चूक कबूल केली, फ्यूजचं ओझं माझ्यावर घेतलं, आणि मग सरळ मागणं घातलं. खात्याला साप्ताहिक सुट्टी असते त्या दिवशी मला आत पावरच्या पॉइंटवर माझी शेगडी लावू द्या. शेठ माझ्याकडे बघतच राहिले. लाकडाला ज्याने बंदी केली त्याच्याकडे मी सुताच्या ढिगात स्वयंपाक करायला मागत होते. मी शेगडी बरोबर नेली होती. ती त्यांच्यापुढे ठेवली आणि तबकडीवर हात ठेवायला सांगितलं. जाळ दिसतो का बघा, निखारा दिसतो का बघा. तुमच्या घरी इस्त्री आहे, ती सुती कपड्यावर फिरते, पेटतं का काही? ही तिचीच बहीण आहे.

शेठनी ती उलटीपालटी करून पाहिली. सासूबाई तसल्या डोळ्यांनी एकट्या गावी चालल्या हे यजमानांनी मागून हळूच सांगितलं. शेठची आई त्यांच्याकडेच राहत होती आणि आंधळी होती हे मला नंतर कळलं. ते एवढंच म्हणाले, “बेन, धुमाडो ना थवो जोईए.” धूर दिसता कामा नये. दिसला तर पेटी, शेगडी आणि आम्ही, तिघंही बाहेर.

आता सासूबाई. त्या म्हणाल्या, खातं म्हणजे काय आपलं घर आहे? मांडा करायचा तो लूममध्ये? याचं उत्तर मी वाटेत तयार ठेवलं होतं. मी म्हटलं, “आत्याबाई, तुमचा मुलगा रोज तिथे घाम गाळतो. त्या घामावर ही चूल पेटते. मग ती जागा परक्याची कशी?”  त्यांनी वाकून खाटेखालचं खापर काढलं आणि माझ्या हातात दिलं. “फुटनं ते माले गाडीमा बसाडी दे,” म्हणाल्या. फुटलं तर गाडीत बसवून दे.

आखाजीच्या आधीची सुट्टी दोन दिवसांवर होती आणि तिच्या दुसऱ्याच दिवशी गावी जाणाऱ्यांची गाडी. जे काय व्हायचं ते त्या एका दिवसात.

सकाळी आम्ही तिघं खात्यात शिरलो. लूम बंद असताना मी ते पहिल्यांदाच पाहत होते. रोज भिंतीतून येणारी खडखड नव्हती, त्यामुळे आपलंच बोलणं मोठं वाटत होतं. यजमानांनी बोर्डाजवळची फरशी पुन्हा पुन्हा झाडली, सुताचा कणही राहू दिला नाही. ड्रिलसाठीच्या मोठ्या पॉइंटमध्ये गोल पिना बसल्या. लूम बंद असले की वीज तगडी येते, हे चाळीतल्या प्रत्येक बाईला दिव्याकडे बघून माहीत होतं. तबकडी बघता बघता तापली. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून गेला. माझा जीव भांड्यात पडला. मी शेगडीवर दोन लोखंडी पट्ट्या आडव्या टाकून त्यांच्यावर खापर पालथं घातलं, कणिक घेतली आणि वाट बघत बसले.

खापर तापेना. हात लावला तर काठ कोमट आणि घुमट त्याहून कोमट. बराच वेळ गेला. शेवटी मी एक साधी पोळी वर टाकून पाहिली. ती तिथे ओल्या फडक्यासारखी पडून राहिली. यजमान म्हणाले, खापरच जाड आहे. मी म्हटलं, शेगडीच छोटी आहे. सासूबाई एका रिकाम्या बीमवर, म्हणजे ताणा गुंडाळायच्या रुळावर, बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की नाचता येईना अंगण वाकडं, त्यातलीच ही गत. मग उठल्या आणि बोचक्याची उरलेली बांधाबांध करायला निघाल्या.

यजमानांनी शेगडीचं बटण बंद करायला हात पुढे केला. मी तो झटकला. खरं तर मला त्या क्षणी रडायला येत होतं. इतक्या दुरून, इतक्या लोकांचं हसू सोसून ती शेगडी मी आणली होती आणि ती इथे आल्यावर परकी ठरत होती. माझंही तसंच काहीसं चाललं होतं. पण रडायला बसले असते तर सासूबाईंची गाडी सुटली असती. तेव्हा रडणं नंतरसाठी ठेवलं आणि खापराकडे बघत बसले.

चुलीवर खापर कसं तापतं ते मी डोळ्यांपुढे आणलं. तीन दगडांवर खापर पालथं, आणि जाळ त्याच्या पोटात शिरलेला. माझी शेगडी मात्र पोटात शिरलीच नव्हती. ती तोंडाशी बसली होती आणि मधली सगळी पोकळी रिकामी होती. गावाकडे कोंबडीवर डालगं, म्हणजे बांबूची मोठी पाटी, झाकतात. डालगं कोंबडीच्या पाठीवर ठेवत नाहीत, ती पुरती त्याच्या आत जाते. मी यजमानांना म्हटलं, विटा आणा.

खात्याच्या मागे भिंतीला लावून उरलेल्या विटा होत्या. मधोमध दोन विटांवर शेगडी उंच बसवली आणि भोवती कडेने चार आडव्या विटा मांडल्या. त्यांच्यावर खापराचे काठ टेकवले. शेगडी आत अशी बसली की तबकडी घुमटाच्या जवळजवळ गालाला लागेल. तार दोन विटांच्या फटीतून बाहेर काढली. बटण बाहेरून फिरवता येत नव्हतं, तेव्हा ते आधीच पूर्ण फिरवून ठेवलं आणि कळ बोर्डावरून दाबली.

आता भीती दुसरीच होती. कालपर्यंत थंड खाटेखाली असलेलं खापर एकदम तापलं तर तडकेल. यजमान कळ थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, असं करत राहिले. मी खापराजवळ कान नेऊन बसले. मातीतून बारीक टिकटिक आली की मी खूण करायचे आणि ते कळ बंद करायचे. ती टिकटिक हळूहळू थांबली. मग तापल्या मातीचा वास आला, धुराशिवायचा. पाणी शिंपडलं. ते घुमटावरून खाली यायच्या आत नाहीसं झालं.

मी मांडा हातावर घेतला. दोन पापड्यांमध्ये पुरण, कडा दाबलेल्या, थोडंसं लाटून मग तो दोन्ही हातांवर झेलत मोठा करायचा, कोपरापर्यंत. दिसायला सोपं वाटतं. माझा मांडा मनगटावरच फाटला आणि पुरण लुगड्यावर सांडलं. दुसरा खापरावर पडला तो दुमडून. तिसऱ्याला भोक पडलं. मागून चालण्याचा आवाज आला. सासूबाई गेल्या नव्हत्या. दाराशीच थांबल्या होत्या आणि मातीचा वास आल्यावर आत आल्या होत्या.

“सरक वं,” म्हणाल्या.

मी सरकले. त्या खापरापुढे मांडी घालून बसल्या, तळहात घुमटावरून वरच्या वर फिरवला आणि मान हलवली. डोळ्यांनी त्यांना किती दिसत होतं कुणास ठाऊक. गोळा हातावर घेतला आणि तो मांडा त्यांच्या हातांवर असा पसरत गेला की खालून बांगड्या दिसू लागल्या. फिरवला, झेलला, आणि खापरावर अलगद उतरवला. कुठे सुरकुती नाही. त्याला फोड आले, तांबूस डाग पडले. त्यांनी तो बोटांनी उलटला, उचलला आणि फडक्यावर टाकला. मग दुसऱ्या गोळ्यासाठी हात पुढे केला. मी गोळे करून देत गेले. यजमान कळ चालू-बंद करत बोर्डाजवळ उभे होते आणि मोठ्या माणसाने रडू नये म्हणून छताकडे बघत होते.

मध्येच शेठ येऊन गेले. दारात उभं राहून त्यांनी नाक वर करून वास घेतला, छताकडे पाहिलं, धूर नव्हता. बीमच्या रांगेत मांडे करत बसलेल्या म्हातारीकडे बघितलं आणि आल्या पावली परत गेले.

दुसऱ्या दिवशी गावी जाणारी गाडी गेली. सासूबाई तिच्यात नव्हत्या. पण मला पुरतं हायसं वाटलं नव्हतं. बोचकं अजून बांधलेलंच होतं, खाटेच्या पायथ्याशी. मी विचारलं नाही. विचारलं की नाही म्हणायला त्यांना सोपं गेलं असतं.

आखाजीला चाळ ओस पडली होती, खातं मुकं होतं, आणि शेठने पुन्हा एकदा कळ दाबू दिली. सकाळी ताजे मांडे झाले. खोलीत कोपरा सारवल्यासारखा स्वच्छ केला. घागर भरली, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर खरबूज. धुपाटण्यात गोवरीचा विस्तव करून यजमानांनी वडिलांच्या नावाने आगारी टाकली, म्हणजे मांड्याचा घास आणि तुपाचा थेंब विस्तवावर सोडला. आम्ही आफ्रिकेत होतो त्या सगळ्या वर्षांत हे त्यांनी एकदाही केलं नव्हतं. सासूबाई एकट्या करत होत्या. तूप चर्र झालं तेव्हा त्या यजमानांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

जेवणं झाली. रस संपला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मी शेगडी पुसून पेटीत ठेवत होते. त्यांनी ती मागितली. मी मांडीवर दिली. त्यांनी तबकडीवरून हात फिरवला, बटण चाचपलं, तार बोटाला गुंडाळून सोडली. मग विचारलं, “हाई शेगडी आपला गावमा चाली का?”

मला एकदम धडकी भरली. म्हणजे त्या जाणारच होत्या, आणि आता शेगडीसकट.   मी खरं तेच सांगितलं. गावात अजून वीज आलेली नाही, खांबसुद्धा नाहीत. तिथे ही शेगडी नुसतं लोखंड आहे.

 सासूबाईंनी शेगडी मांडीवर तशीच धरून एका हाताने खाटेच्या पायथ्याचं बोचकं ओढलं, गाठ चाचपडत सोडली, आणि आतली लुगडी माझ्याकडे सरकवली.

“मंग तठे जाईसन मी काय करू?” म्हणाल्या.